देव्हाऱ्यात राहिलेली फाईल

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की लपवलं. पस्तीस वर्षं हायस्कुलात शिकवलं आणि परीक्षेच्या वर्गात कॉपी पकडण्यात माझा हात कुणी धरला नाही. बाहीत, बुटात, पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागं, कुठंही चिठ्ठी असली तरी मला वास यायचा. निवृत्त झालो, वर्ग सुटला, पण नजर काही सुटली नाही. बायको म्हणते, तुम्ही देवळात देवाकडं कमी आणि बाहेर काढलेल्या चपलांकडं जास्त बघता. खरं आहे. पण माझ्या चपला आजवर एकदाही गेलेल्या नाहीत, हेही तितकंच खरं आहे.

एसटीत बसलो की हा स्वभाव दुप्पट होतो. आमच्याकडं शेजारी माणूस टेकला की पहिला प्रश्न, कुठलं गाव. मग आडनाव. मग कुणाच्यातले, तिकडं अमुक अमुक राहतात ते तुमचे कोण. कराड यायच्या आत तुमच्या घरात किती माणसं आणि आज घरी कोण आहे एवढं त्याला कळलेलं असतं. लोकांना यात जिव्हाळा दिसतो. मला घरफोडीची तयारी दिसते. त्यामुळं गाव विचारलं की मी 'इकडंच' म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊसतोडणीचे दिवस होते. साताऱ्याला बहिणीकडं चार दिवस राहून मी सांगलीला घरी परत निघालो होतो. दुपारी बाराची गाडी. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, आत येऊन बसलो, पिशवी मांडीवर घेतली. शेजारी एक गडी आला. साठीच्या आसपासचा, पाठ ताठ, पिळदार मिशा, डोळ्यांवर काळा चष्मा आणि पायांशी हिरवी लष्करी पिशवी. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "कुठलं गाव, पावणं?"

"इकडंच," मी म्हणालो.

"मी म्हसवडचा. फौजेत होतो. सांगलीला पोरीकडं चाललोय." विचारलं नसताना सांगून टाकलं. विचारलं नसताना सांगणाऱ्यांचा मला जास्त संशय येतो. मग त्यानं पुडी काढली आणि सिद्धनाथाचा प्रसाद म्हणून खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. गुंगीचं औषध घातलेली बिस्किटं देऊन लुटल्याच्या बातम्या मी कात्रणं काढून ठेवतो. पण देवाचा प्रसाद, नाही कसं म्हणायचं? तोंडाशी हात नेला, खाल्ल्यासारखं केलं आणि तुकडा रुमालात गुंडाळला. त्यानं ते बघितलं की नाही कळलं नाही, चष्मा काळा होता.

तेवढ्यात एक बाई गाडीच्या खिडक्यांखालून चालत आली. एकेक चेहरा बघत चालली होती. पन्नाशीची असेल. माझ्या खिडकीशी थांबली.

"आवं दादा, सांगलीला जाणार न्हवं?"

"का?" मी विचारलं. हो म्हणालो नाही.

तिनं छातीशी धरलेली प्लास्टिकची फाईल वर केली. "येवढी तिथं माझ्या लेकीला द्या. नर्स झालीया ती. सरकारी जागंच्या यादीत नाव लागलंय. आज पाचच्या आत सायबाम्होरं खरी कागदं दावायची हायत. न्हाई दावली तर जागा मागल्या नंबराच्या पोरीला जाती."

"मग अशी महत्त्वाची कागदं मागं कशी राहिली?" परीक्षेच्या वर्गातला माझा आवाज अजून जात नाही.

बाईनं मान खाली घातली. आदल्या दिवशी लेकीनं बॅग भरून ठेवली होती. ही पहाटे उठली, बॅगेतून फाईल काढली, हळदीकुंकू वाहिलं आणि देवाचा आशीर्वाद लागावा म्हणून देव्हाऱ्यात ठेवली. लेक निघायच्या वेळी चहा, डबा, गाडीची घाई. पोरगी बॅग उचलून रहिमतपूरला पहिल्या गाडीला पळाली. फाईल देवापुढंच.

"माझ्याच हातानं झालं," बाई म्हणाली. "धा वाजता देवाला दिवा लावाय गेले आन फाईल बघून पायच गळालं बगा."

फाईलवर कुंकवाचा डाग होता खरा. पण डाग कुणीही लावू शकतं.

"तुम्हीच का जात नाही घेऊन?"

"मालकांचं आज दुपारी इथंच आपरेशन हाय. दुसरं कोण न्हाई त्यांच्याजवळ."

दाराशी उभा असलेला कंडक्टर म्हणाला, "मावशी, मगाशीच सांगितलं की. असले कागद आम्ही घेत नाही. हरवले तर आमच्या अंगाशी येतं." आमच्याकडं डबा, औषध, चष्मा, काहीही असं एसटीतून जातं. ड्रायव्हरजवळ द्यायचं, नाहीतर बऱ्या चेहऱ्याच्या पॅसेंजरजवळ, आणि पलीकडं माणूस स्टँडवर उभा राहतो. मी जन्मात असलं काही घेतलेलं नव्हतं.

शेजारचा फौजी माझ्या अंगावरून वाकला. "आना हिकडं. मी सांगलीलाच चाललोय. देतो तिच्या हातात."

बाईनं त्याच्याकडं बघितलं, मिशांकडं बघितलं, चष्म्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. "तुमी मास्तर दिसताय," ती मला म्हणाली. "तुमच्याजवळच असू द्या. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नगा."

आता सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा बरं वाटलं. फाईल घेतली. घेतली म्हणजे आधी उघडून तपासली. शिवणीवरून बोट फिरवलं, पुडी वगैरे काही नाही ना बघितलं. शाळा सोडल्याचा दाखला, नर्सिंगचं प्रमाणपत्र, नोंदणी, जातीचा दाखला, सगळं मूळ. आतल्या बाजूला मार्करनं बाईचा फोन नंबर लिहिलेला. बाईनं माझा नंबर विचारला. फाईल घेणं वेगळं आणि नंबर देणं वेगळं. नंबरावरून काय काय करतात हल्ली. मी नंबर सांगितला आणि शेवटचा आकडा बदलून सांगितला. तिनं तो दोनदा म्हणून बघितला, तळहातावर लिहून घेतला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीला हात लावून उभी राहिली.

सातारा सुटल्यापासून फौजीचं लक्ष फाईलवर. मी ती सदऱ्याच्या आत, पोटाशी खोचली. तो म्हणाला, "गुरुजी, घामानं भिजंल की. वर रॅकवर ठिवा." म्हणजे डुलकी लागली की उचलायला बरी, असं मी मनात म्हणालो. थोड्या वेळानं त्यानं त्या बाईच्या पोरीला जायचंय ते ऑफिस सांगलीत कुठं आहे विचारलं. मग माझ्या घड्याळात डोकावून किती वाजले विचारलं, स्वतःच्या मनगटावर घड्याळ असताना. एवढा रस का याला? कोण लागते ती पोरगी याची? मूळ प्रमाणपत्रांवर लोक कर्ज काढतात, सिमकार्ड घेतात, दुसरीच पोरगी उभी करून नोकरी लाटतात, हे सगळं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी डोळ्यांत तेल घालून बसलो.

कराड गेलं. कासेगावच्या अलीकडं गाडीतून जळका वास आला, गाडी कण्हत कण्हत कडेला गेली आणि उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, परत आला आणि म्हणाला, "क्लच गेला. दुसरी गाडी येईल त्यात बसवून देतो." दोन वाजले होते.

रस्त्याच्या कडेला आम्ही चाळीस माणसं. दुसऱ्या गाड्या यायच्या त्या दाराला लोंबकळणारी माणसं घेऊन. कंडक्टर हात करायचा, ड्रायव्हर हातानंच नाही म्हणायचा. आमचा नंबर लागेना. अडीच झाले, पावणेतीन झाले. फाईल पोटाशी गरम झाली होती आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. तोवर मला फक्त फाईल चोरीला जायची भीती होती. ती उशिरा पोचेल हा विचार इथं पहिल्यांदा आला.

फौजी जवळ आला. "गुरुजी, तिच्या आईला फोन लावा. पोरीचा नंबर घ्या. तिला कळवाय पायजे."

"लावतो नंतर," मी म्हणालो. माझ्या फोनवरून लावला असता तर माझा खरा नंबर तिकडं दिसला असता. अशा वेळी माणूस कसला विचार करतो बघा.

"मग मला नंबर सांगा."

एवढं सांगायला हरकत नव्हती. मी फाईल न सोडता, जरा उघडून, नंबर वाचून दाखवला. त्यानं फोन लावला, आवाज मोठा ठेवला, आपण कोण ते सांगितलं. बाईचं रडणंच ऐकू आलं. "दादा, त्या मास्तरांचा लंबरच लागंना. दुसराच कोण माणूस उचलतोय, म्हंतोय मी एसटीत न्हाई, नाशकात हाय. माझ्या पोरीचं कागद गेलं हो."

फौजीनं चष्मा काढला. त्याचे डोळे मी पहिल्यांदा बघितले. साधे होते, एका डोळ्यात थोडा मोतीबिंदू. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "एखादा आकडा इकडंतिकडं झाला असेल."

"व्हय, गडबडीत व्हतं," तो म्हणाला, आणि फोनमध्ये म्हणाला, "ताई, मास्तर हितंच हायत माझ्याशेजारी. कागद जाग्यावर हायत. रडू नका." मग पोरीचा नंबर घेतला, तिला फोन केला, ऑफिसचा पत्ता मोठ्यानं वदवून घेतला, तिथंच थांब म्हणून सांगितलं. मी शेजारी उभा होतो. आपली चोरी पकडली गेली आणि पकडणाऱ्यानं ती झाकली, हे मला सहनच होईना. कॉपी पकडलेल्या पोरांचा मला राग यायचा, तसाच मला त्याचा राग आला. काय गरज होती त्याला मला झाकायची?

तीन वाजता त्यानं हात करून एक मोटारसायकल थांबवली. चालवणारा पंचविशीचा, मागची सीट रिकामी. फौजीनं त्याला गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि दोन मिनिटांत तो त्याच्या साडूच्या भावकीतला निघाला. पोरगा सांगलीलाच निघाला होता.

"गुरुजी, बसा मागं," फौजी म्हणाला. "सव्वाचार-साडेचारपातुर पोचताय."

आता बघा माझं डोकं कसं चाललं. दोन मिनिटांत नातं? म्हसवडचा माणूस, कासेगावच्या रस्त्यावर, आणि पहिल्याच गाडीवर पाहुणा? ठरवून आलेले असणार. आतल्या रस्त्यानं घालतील, दोन्ही बाजूंना उभा ऊस, मारून टाकलं तरी कारखान्याची तोडणीची टोळी येईपर्यंत कुणाला कळायचं नाही. मी म्हणालो, "मला गाडीवर बसवत नाही. कंबरेचा त्रास आहे."

"मग मला द्या. मी जातो."

"तिनं सांगितलंय दुसऱ्याच्या हातात देऊ नका म्हणून. तुमच्यासमोर सांगितलंय."

"आवं, तवाची गोष्ट येगळी. आता टाईम बघा किती झालाय."

"नाही," मी म्हणालो. पोटावरची फाईल सदऱ्यावरून दोन्ही हातांनी धरली.

त्यानं वाद घातला नाही. घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "बरं. तुमी मिळंल त्या गाडीनं या. मी म्होरं जाऊन सायबाला थांबवून धरतो." आणि हिरवी पिशवी पुढ्यात घेऊन त्या पोराच्या मागं बसून गेला.

मी वर्तमानपत्राच्या कडेवर मोटारसायकलचा नंबर टिपून ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या कंडक्टरला म्हणालो, "बघितलंत? इथं काही मिळत नाही म्हटल्यावर निघाला." माझी मात्र खात्री पटली होती, आणि खात्री पटल्यावर माणसाला जो हलकेपणा येतो तो आला होता.

पावणेचारला मला एका गाडीत उभं राहायला मिळालं. पेठ नाक्यावर गाडी वळली आणि पुढं उसाचे ट्रॅक्टर. एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, रस्त्यावर मोळ्या सांडत निवांत चाललेले. आष्ट्याच्या पुढं साडेचार वाजले. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो आणि दर दोन मिनिटांनी स्वतःला सांगत होतो की साहेब लोक कधी पाचला उठतात का, सहा वाजेपर्यंत बसलेले असतात. फाईल एका हातानं दाबून धरलेली. हे मात्र खरं, की तिचा एक कोपरासुद्धा दुमडू दिला नाही.

सांगलीच्या स्टँडवर सव्वापाच. रिक्षा केली. ऑफिसच्या आवारात पोचलो तेव्हा साडेपाच व्हायला आले होते. लोखंडी दार अर्धं लावलेलं, शिपाई खिडक्या बंद करत होता. आतून एक पोरगी हसत बाहेर येत होती, तिचे वडील तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. ती मागल्या नंबराची, हे मला कुणी सांगायला लागलं नाही.

कडेला कडुलिंबाच्या पारावर दुसरी पोरगी बसली होती. पांढरा ड्रेस, बॅग मांडीवर. तिच्याशेजारी तो फौजी उभा होता. चष्मा हातात.

मी फाईल पुढं केली. पोरीनं ती घेतली, उघडली, एकेक कागद बघितला, परत नीट लावला. डोळे रडून सुजलेले होते, पण आता रडत नव्हती.

"हे मामा साडेचारलाच आले," ती मला म्हणाली. "आत जाऊन साहेबांच्या हातापाया पडले. साहेब चांगले होते, पाचला बंद करायचं ते सव्वापाचपर्यंत थांबले. पण कागदाशिवाय ते तरी काय करणार, काका."

साडेचार. म्हणजे अर्धा तास शिल्लक होता. फाईल त्या गाडीवर असती तर आता हसत बाहेर आली ती ही असती. एवढा साधा हिशेब, आणि त्यात चोर कुठंच नव्हता. चोर मीच होतो, आणि चोरीचा माल पोटाशी धरून आणला होता, कोपरा न दुमडता. मी त्या पारावर बसलो. मला सांगायचं होतं तिला. मी खोटा नंबर दिला. मला गाडीवर बसायला सांगितलं होतं आणि मी बसलो नाही. मला फाईल मागितली होती आणि मी दिली नाही. तुझी नोकरी मी घालवली. मी फौजीकडं बघितलं, तो बोलेल म्हणून. तो कडुलिंबाच्या शेंड्याकडं बघत होता.

"मामांनी सांगितलं मला," पोरगी म्हणाली.

मी पायांतल्या चपलांकडं बघितलं.

"तुम्हाला वाटेत चक्कर आली म्हणून. गाडीवर बसता आलं नाही, आणि सोडून जाण्याजोगी तुमची अवस्था नव्हती, पण तुम्हीच त्यांना पुढं पाठवलं, आणि गडबडीत फाईल तुमच्याजवळच राहिली म्हणून. या वयात एवढं उन्हातनं, उभ्यानं आलात माझ्यासाठी." तिनं फाईल बॅगेत ठेवली, माझ्यासमोर पायांवर बसली आणि माझं मनगट हातात घेतलं. दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघत ओठ न हलवता मोजत राहिली. मी हात काढून घेतला नाही.

"थोडी जलद आहे," ती म्हणाली. "घाबरायचं कारण नाही. पाणी प्या, आणि घरी जाऊन जरा पडा."

"बरं," मी म्हणालो.